दंडावरची पट्टी
मॅचची शेवटची पेनल्टी उरली होती, आणि गोडदेवच्या मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन रसिका दंडावरची पट्टी सोडून उत्तमसरांपुढे धरत होती. “सर, मगाशी माजीच पेनल्टी हुकली. मना न्हाय जमनार, दुसरीला बांधा.” सरांच्याच कॅप्टनकीतली पट्टी ती! सरांना सप्ताहात वीणा सोपवणारे वडील आठवले. वीणा खाली ठेवायची नाही; आपला पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालून त्याच्या पाया पडायचं, मग तो नातवाएवढा का असेना. सरांनी पट्टी रसिकालाच बांधली आणि वाकून तिच्या चिखलभरल्या बुटांना हात लावला. “अरे देखो, कोच पैर छू रहा है!” गर्दीत कुणी खिदळलं. “आता पहारा तुझा, बाय,” सर म्हणाले. तीही त्यांच्या पाया पडली. मग तिने मारलेला चेंडू जाळ्यात घुसला. तिने वळून पाहिलं, तर ज्यांच्या गोलांवर स्टेडियम उसळायचं ते सर टाळकऱ्यासारखे मागे टाळ्यांची साथ देत होते.