कॅमेऱ्याच्या जरा बाजूला

यंदा फोटोच्या वेळी चांगुणाताई घरात नकोत, हे संजनाने ठरवून टाकलं होतं. म्हणून नणंदेला तिने आदल्या दिवशीच सायखेड्याला पाहुण्यांकडे धाडलं, तेही गोड बोलून.

दर वाढदिवसाला तेजूचा एक फोटो, त्याच खिडकीपाशी, त्याच स्टुलावर. तेजू वर्षाची झाली तेव्हापासून संजनाने अंबडच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून हा नेम पाळला होता. मोबाइलवर नाही, वडिलांच्या पंचवटीतल्या स्टुडिओतला जुना कॅमेरा होता, त्यावर. तो डोळ्याला लावला की कंपनी, घर, कटकट सगळं तिच्या डोक्यातून जायचं.

पण मागच्या महिन्यात तिने सगळे फोटो ओळीने भिंतीवर लावले, आणि बघतच राहिली. एकाही फोटोत तेजू कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. नजर जरा बाजूला आणि चेहरा हसून नुसता फुललेला. त्या बाजूला दरवर्षी कोण असायचं, ते संजनाला चांगलं ठाऊक होतं. आपल्या आरशाच्या कपाटाच्या कडेला टेकून चांगुणाताई उभ्या असायच्या.

वेणी त्या घालणार, डबा त्या भरणार, शाळेतल्या गमती त्यांच्याच कानात. संजना यायची ती दमून, आणि अभ्यासावरून ओरडायची. पोटात वाढवलं आपण, आणि हसू मात्र आत्याला. तिचा नुसता जळफळाट झाला. नवऱ्याजवळ बोलली तर प्रफुल्ल म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच.

मग तिने ते कपाटही आतल्या खोलीत सरकवलं. ताईंची आठवणसुद्धा समोर नको.

आज तेजू स्टुलावर बसली. संजनाने कॅमेरा डोळ्याला लावला. तेजूची नजर सवयीने बाजूला गेली, रिकाम्या भिंतीवर थांबली, आणि तिचा चेहरा उतरला.

"हस की गं," संजना म्हणाली.

तेजू हसली नाही. संजनाने कॅमेरा खाली घेतला. आता तिला राहवेना.

"आत्याशिवाय हसू येत नाही का तुला? मग कर तिला फोन. मी काय, नुसती फोटो काढणारी."

"आत्या कशाला?" तेजू अजून भिंतीकडेच बघत होती. "कपाट कुठे गेलं, आई? एरवी तू हसतेस कुठे? फोटो काढतानाच हसतेस, आणि तेव्हा तोंडावर कॅमेरा असतो. मी आरशात बघायचे."