पुन्हा म्हण

सकाळी ओवीचा घसा धरला आणि कानातला तब्येत राखणारा मणी पिवळा झाला. पोर भेदरून आईची ओढणी सोडेना. मण्याने घशाच्या संसर्गातून मेंदूला येणारी सूज ओळखून औषध सोडलं. दुपारी तो हिरवा झाला, ओवी आजोबांसमोर सागरगोटे खेळायला बसली.

"झालं? एवढंच?" शशिकांतनी लेकीला विचारलं.

"एवढंच, बाबा," केतकी हसली.

केतकी लहान असताना असे मणी नव्हते. असाच घसा धरला आणि एका रात्रीत पोर बदलली. बाबांचं "येतो" तिच्या मनासारखं उमटेपर्यंत ती त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही. नाहीतर बाबा परतणारच नाहीत, अशी तिची खात्री. लोक हट्टी म्हणत. शशिकांत मात्र डबा हातात धरून, आवाज बसेपर्यंत "येतो, येतो" म्हणत राहायचे. पुढे उपचार लागू पडले. एका सकाळी ती वर न बघताच "बरं" म्हणाली, आणि त्यांचाच पाय दारातून निघेना.

केतकीने चपला घातल्या. "ओवी, येते गं."

ओवीने मान वर केली नाही. केतकी उंबऱ्यापाशी घुटमळली.

"नीट नाही जमलं," शशिकांत म्हणाले. "पुन्हा म्हण."