वरच्या मजल्यावरची टकटक

असे पुढे सरका मंडळी, जवळ या. देव माणसाला कुठून हाक मारेल याचा नेम नाही. त्याची ही जयपूरची गोष्ट.

इंग्रजी अमदानीतल्या सावकारी पेढ्यांच्या गल्लीत निनाद उभा होता. आठवडाभर मानसरोवर वस्तीतल्या घरात बसून कंपनीचं काम करायचा आणि रविवारी लोकांना जुना बाजार दाखवत हिंडवायचा. कमानी आणि सनावळ्या ऐकून लोक जांभया देत. म्हणून या बंद पेढीपाशी त्याने एक कथा रचली होती, निव्वळ मनाने. शेटने विधवा सुनेला वर कोंडलं, अन्नपाण्यावाचून मारलं, अशी. ती तो हिंदीत, आवाज उतरवून सांगायचा.

"और वो यहीं मर गई।"

वरून टकटक झाली.

लोक शहारले. मग टाळ्या पडल्या.

"काय हो निनाद," घोळक्यातल्या, तिलक नगरच्या चारुलताबाई म्हणाल्या, "भूत अगदी वेळेवर हजर! पगारी ठेवलंय की काय?"

निनाद हसला. गेले तीन-चार रविवार हेच चाललं होतं. समोरचा चहावाला रणजीत गंमत म्हणून कुणाला तरी वर पाठवतो, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. म्हणून तर तो सगळ्यांना चहा तिथेच पाजायचा.

आज मात्र टकटक थांबेना. नुसती मंदावत चालली होती.

"बस झालं रणजीतजी, बोलवा त्याला खाली."

रणजीतच्या हातातली किटली तशीच राहिली. "किसको? मैं तो समझा, आदमी आपने बिठाया है।"

निनाद बाजूच्या बोळात, जिन्याकडे धावला. जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, नवंकोरं. वर पेढीच्या मालकाची म्हातारी आई राहायची, रणजीत चाचरत म्हणाला. पण मुलगा सांगतो, ती हरिद्वारला गेली.

कुलूप दगडाने फोडलं. जिन्यात कुबट अंधार होता. वर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि त्यांच्याखाली जमिनीवर एक म्हातारी, हाडांची नुसती मोळी. निनादने तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओठांना पाणी लावलं. त्याचा आवाज ऐकताच तिने डोळे उघडले.

"तू ही है ना बेटा? हर इतवार तू कहता था, मर गई। मैं खटखटाती थी... कि अभी नहीं।"

त्या संध्याकाळी ती गेली. केसरबाई तिचं नाव. मंडळी, सांजवात लावाल तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.