नसलेल्यांची हजेरी

"रोल नंबर सतरा?"

"हजर सर," मागून भलताच आवाज आला.

"सर, तो कँटीनमध्ये वडे खातोय," पहिल्या बाकावरून सुनेत्रा म्हणाली.

बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीच्या नव्या योजनेतून ती कॉलेजात आली होती. महिनाभर एकही खाडा नको आणि शेवटी माझा अनुकूल अहवाल हवा, तरच प्रवेश कायम. वीस वर्षं मी ऐंशी जणांची हजेरी लावून अठरा जणांना अर्थशास्त्र शिकवत होतो. कुणाचीच तक्रार नव्हती. ती आल्यापासून बाकं कमी पडू लागली.

"सर, तिला खोटं बोलताच येत नाही," पोरं कुरकुरली.

"शिकेल. तुम्हालाही वर्ष लागलं."

शेवटच्या आठवड्यात तिला ताप आला. तिचा एक्केचाळीस नंबर पुकारताच अख्खा वर्ग म्हणाला, "हजर." मी हजेरीपटावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून ती टेबलाशी आली. "सर, काल मी नव्हते. खोडा."

"प्रवेश जाईल गं."

"पण नव्हते ना."

मी खोडलं. अहवालात लिहिलं: "एक खाडा. तरीही प्रवेश कायम करावा. प्राध्यापकांत सुधारणा दिसू लागली आहे."