आपल्यातली

अलाबामातल्या आमच्या गावात पहिल्यांदाच एक काळा माणूस नगराध्यक्षपदाला उभा होता, डॉक्टर थॅडियस प्रुइट. वर्तमानपत्राच्या पाहणीत तोच पुढे होता. मतदानाची आठवण करून द्यायला त्याची बायको व्हर्नेल, तीही काळीच, गावभर फोन करायची. आपण कोण, हे मात्र सांगायची नाही.

एकदा गोऱ्या हॅगर्टीबाईंना फोन लागला.

"येणार तर! पाहणीवाल्यांना मी डॉक्टरचंच नाव सांगितलं. उगाच मागासलेली कोण म्हणवून घेईल?" म्हातारी हसली. "पण तू आवाजावरून आपल्यातली वाटतेस, म्हणून सांगते पोरी. डॉक्टर देवमाणूस आहे. माझा पाय त्यानंच वाचवला. पण म्हणून काय त्यांच्यातल्याला खुर्चीत बसवायचं? छे गं बाई!"

संध्याकाळी व्हर्नेलने नवऱ्याला सगळं सांगितलं. "त्या बाईची पायरी पुन्हा चढू नकोस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे तो हॅगर्टीबाईंच्या पायाची पट्टी बदलायला गेला. तो खाली वाकला, तशी बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टर, किती वाळलात हो या निवडणुकीपायी! काळजी करू नका. आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच."

त्याने वर पाहिलं. बाईंच्या डोळ्यांतली माया खरी होती. ती खोटी असती, तर पट्टी बांधणं त्याला सोपं गेलं असतं.