तान्ह्याच्या मापाच्या घड्या

केसरबाईनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि जुन्या कपड्यांचं बोचकं सोडलं. बायना भिंतीला टेकून, पाय जुळवून उभी होती. सकाळी शेण भरताना पोरीच्या परकरावर डाग दिसला, तो पहिल्यांदा आईनंच पाहिला होता.

"माय, मी मरत न्हाई ना?"

"न्हाई गं. समद्या बायांना येतं हे. पर कुणाला बोलायचं न्हाई. आजीला तर न्हाईच न्हाई."

बायनाचं लग्न होऊन गेलं होतं. न्हाण येईपर्यंत ती माहेरी राहायची, एवढाच काय तो अवकाश होता. ते घरात कळलं असतं, तर पोरीला मखरात बसवून गावभर साखर वाटली असती, आणि मागोमाग तलवाड्याहून नवऱ्याची बैलगाडी दारात उभी राहिली असती. नवरा भगवानराव दुजवर. त्याची पहिली बायको बायनाहून थोडीच मोठी होती. ती बाळंतपणात गेली. केसरबाईला पोर निदान आणखी एक वर्ष घरात हवी होती. तेवढं अंग तरी भरलं असतं.

तिचा हात आधी स्वतःच्या निळीच्या लुगड्याकडे गेला. धुऊन धुऊन ते सायीसारखं झालं होतं, आणि रंग असा गडद की डाग दिसला नसता. तिनं ते गालाला लावून पाहिलं आणि खाली ठेवलं. सासू ते लुगडं लांबूनही ओळखत होती. त्याचे तुकडे वाळत पडलेले दिसले असते, तर काही लपलं नसतं. नगरच्या बाजारातून करोडगिरीचा जकातनाका चुकवून आणलेलं मांजरपाट कोरं होतं, त्यानं पोरीच्या मांड्या सोलून निघाल्या असत्या. लाल खणाचा रंग जात होता.

तळाशी तिच्या नवऱ्याचं, धोंडीरामचं, फाटकं धोतर होतं. पांढरं, डाग धरणारं. पण केसरबाईच्या अंगावर पिणाऱ्या मुलाची बाळुती त्याच धोतराची होती.

तिनं पाळण्यातून एक बाळुतं आणलं, धोतरावर पसरलं आणि त्याच मापाचे तुकडे फाडले. एकावर एक ठेवून धावदोरा घातला. वाळत घातल्यावर ह्या घड्या कुठल्या आणि बाळुती कुठली, हे तिचं तिलाही ओळखू आलं नसतं.

"ह्या तर बाळाच्या हायत," बायना म्हणाली.

"व्हय. आता तुझ्याबी. राखंनं घासायच्या, लई घासायच्या. आन् त्याच्या बाळुत्यांच्या मधी घालायच्या."

दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केसरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि बायना देवाच्या कोनाड्यात दिवा लावत होती. तुळजाबाई, केसरबाईची सासू, रानातून आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिच्या हातावर ओल्या पांढऱ्या घड्या होत्या.

"केसरे, दिवेलागण झाली. बाळुती भाईर कावून?"

केसरबाईचा हात भाकरीवरच राहिला. तिन्हीसांजेला तान्ह्याचं वस्त्र बाहेर राहिलं तर बाळाला बाधतं, म्हणून ऊन असतानाच ती सगळी बाळुती आत आणत असे. आजही आणली होती, एकूण एक. ह्या घड्या जाड असल्यानं ओल्या होत्या, म्हणून राहू दिल्या होत्या.

"इसरले, आत्याबाई."

"इसरलीस? आई जेवण इसरंल, नवऱ्याचं नाव इसरंल. ह्ये इसरंल व्हय?"

तुळजाबाई दिव्यापाशी गेली. तिनं एक घडी उजेडात धरली. मध्यभागी, राखेनंही न निघालेला, फिकट तांबूस डाग होता. मग तिनं नातीच्या हातातल्या वातीकडे पाहिलं.

"आन् वर देवाला दिवा लावतीया!"

बायनानं वात खाली ठेवली. केसरबाई पिठाच्या हातांनीच सासूच्या पायाशी बसली.

"आत्याबाई, एक वरीस. तिथली पहिली कशी गेली, तुमाला ठावं हाय."

"मला ठावं हाय. मी गेलते तिच्या मातीला." तुळजाबाईचा आवाज जरा खाली आला. मग पुन्हा चढला. "उद्या त्यांना कळलं, की पोर न्हाती झाली आन् आपण लपवून ठिवली, तर टाकून देतील हिला. मग जलमभर कोण पोसंल? तू का तुझा भाऊ?"

तव्यावरची भाकरी करपली.

तुळजाबाईनं अंगणाकडे तोंड केलं. "धोंडीराम! पोर शहाणी झाली रं. तलवाड्याला सांगावा धाड."

"आं? मग साखर आणावी लागंल की!" धोंडीरामचा खुशीतला आवाज आला. शेजारच्या दोघी-तिघी लगेच कुडावरून डोकावल्या. एकीनं बायनाला हाक मारली, "अगं ए, आता हिरवा चुडा भरायचा बरं!" बायना लाजून हसली.

तुळजाबाई आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तिचं स्वतःचं जुनं लुगडं होतं, सणावाराला नेसायचं, जपून जपून मऊ झालेलं. ते तिनं सुनेच्या पुढ्यात टाकलं.

"एवढ्यानं काय भागतंय? तिथं हिला कुणी चिंधी देणार न्हाई. हे समदं शिव."

ती सुनेजवळ खाली बसली आणि लुगडं फाडू लागली. एक तुकडा, दुसरा तुकडा. केसरबाईनं सुईत दोरा ओवला. तुकड्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला, तशी बायना जवळ आली. तिचं हसू मावळलं होतं.

"आजी, एवढ्या कशाला? मी माघारी कवा यायची?"

तुळजाबाईनं लुगड्याचा काठ दातांत धरला आणि टरकन फाडला.