बाहेर आलेली कड

आमचे हे चाकणच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होते. माझ्या कुंकवाच्या डबीत आजीचं तांब्याचं नाणं होतं, कड एका बाजूला जिभेसारखी बाहेर आलेली. जुनी नाणी विकणाऱ्या पिंपरीच्या तौफिकनं ते भिंगाखाली धरलं. "काकू, टांकसाळीत छापताना चूक झालीय. या चुकीचेच लाखभर मिळतात. उद्या गिऱ्हाईक घेऊन येतो, तोवर धुऊसुद्धा नका." मी मनातल्या मनात विमानात बसले. आकडा सोसायटीभर करतील म्हणून ह्यांना एवढंच सांगितलं, "नाण्यात चूक निघालीय, उद्या गिऱ्हाईक येतंय." दुसऱ्या दिवशी ह्यांनी नाणं पाहुण्यांपुढं ठेवलं, गोल गरगरीत, लखलखीत. तौफिकनं भिंग काढलं, तसंच खिशात ठेवलं. "काका, ती कड?" "कानशीनं घासली," हे म्हणाले. "गिऱ्हाइकापुढं रिजेक्ट माल ठेवायचा का? साहेब, अशी बिघडलेली आणखी असली तर आणा, फुकट करून देतो."